ससा नेमका राहतो कुठे? रानातला वेगळा, पिंजऱ्यातला वेगळा

पालघरहून बोईसरकडे निघालं की कोळगाव लागतं. जिल्हा मुख्यालय इथे आल्यापासून हे नाव जिल्हाभर माहीत झालंय. या पट्ट्यात भातशेती आहे, गवताचे माळही आहेत. पावसाळा संपला की गवतकापणी सुरू होते आणि अशा वेळी गवतात मुठीएवढं सशाचं पिल्लू दिसू शकतं. शेजारी आई नाही, बीळ नाही. मग 'बिचारं हरवलंय' म्हणून कुणीतरी ते घरी आणतं, रील बनतं, लाइक्स येतात. आणि पिल्लू बऱ्याचदा काही दिवसांत मरतं.

ते हरवलेलं नसतंच. ते त्याच्या घरीच असतं.

मराठीत ससा हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. इंग्रजीत त्यांना हेअर आणि रॅबिट अशी दोन नावं आहेत. आपल्या रानातला ससा म्हणजे हेअर. त्याचं शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. या जातीतल्या अनेक सशांच्या मानेवर मागे काळा डाग असतो. पेट शॉपमध्ये मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा म्हणजे रॅबिट. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. पाळीव सशांच्या सगळ्या जाती त्या एकाच युरोपीय रानसशापासून आल्या आहेत. दोघांचं नातं इतकं लांबचं आहे की त्यांचा संकर होत नाही. हेअरमध्ये ४८ गुणसूत्रं असतात, रॅबिटमध्ये ४४.

मग बीळ कुणाचं?

रॅबिटचं. तो जमीन पोखरून एकमेकांना जोडलेली बिळं करतो आणि कळपाने राहतो. त्याची पिल्लं बिळाच्या उबेत जन्मतात. त्यांचे डोळे मिटलेले असतात, अंगावर केस नसतात.

आपला रानससा बीळ खणत नाही. गवत किंवा झुडपाखाली अंगाने दाबून केलेली उथळ खोलगट जागा, एवढंच त्याचं घर. दिवसभर तो तिथे निपचित पडून राहतो आणि संध्याकाळनंतर चरायला निघतो. त्याला मोठं जंगलच लागतं असं नाही. माळ, शेताचे बांध, खुरटी झुडपंही चालतात. लपायला बीळ नसल्यामुळे जीव वाचवायचा तर पळायचं, हा एकच मार्ग. 'ससेहोलपट' हा शब्द उगाच आलेला नाही!

उघड्यावर जन्मायचं म्हणून रानसशाची पिल्लं तयारीनेच येतात. डोळे उघडे, अंगावर केस. आई मुद्दाम लांब राहते, नाहीतर तिच्या वासावर कोल्हा किंवा कुत्रा पिल्लापर्यंत पोहोचेल. अंधार पडला की ती येते, थोडा वेळ दूध पाजते आणि निघून जाते. त्यामुळे दिवसा पाहणाऱ्याला पिल्लू कायम एकटंच दिसतं.

सापडलं तर काय करायचं?

जखम नसेल तर हात लावू नका. तेवढा भाग सोडून बाकीचं गवत कापा. उचललं असेल तर त्याच जागी परत ठेवा आणि कुत्र्यांना लांब ठेवा. गाईचं दूध पाजू नका, त्याने पिल्लाचं पोट बिघडतं. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं किंवा मारणं गुन्हा आहे. 'आम्ही प्रेमाने पाळतोय' हे उत्तर तिथे चालत नाही.

आणि उलटं केलं तर?

म्हणजे कंटाळा आला म्हणून पाळलेला ससा माळावर सोडला तर? 'मोकळं केलं' असं वाटतं, पण पांढरा ससा हिरव्या-पिवळ्या गवतात लांबूनच दिसतो. धोका ओळखायची सवय त्याला नसते. कुत्री, मुंगूस, कोल्हे यांच्यापुढे तो फार टिकत नाही.

टिकला तर वेगळीच अडचण. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपोटी ऑस्ट्रेलियात साधारण दोन डझन ससे सोडले. पुढे त्यांची संख्या कोट्यवधींवर गेली, कुरणं उजाड झाली. ते ससे याच युरोपीय जातीचे होते. गंमत म्हणजे, मूळ घरी, स्पेन-पोर्तुगालकडे, हीच जात आज धोक्यात आहे.

पाळीव सशाची जागा घरातच, पण छोट्या पिंजऱ्यात कायम नाही. त्याला रोज फिरायला मोकळी जागा हवी. दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून मुख्य खाणं गाजर नव्हे तर गवत. आणि पालघरसारख्या दमट हवेत सगळ्यात मोठा त्रास उन्हाळ्याचा: सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, कानांतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो. पत्र्याच्या गच्चीवर किंवा उन्हं येणाऱ्या बाल्कनीत पिंजरा ठेवू नका.