न हलणारं छिद्र : फाळक्यांच्या वाटाण्यापासून केळापूरच्या पऱ्हाटीपर्यंत

मंडळी, केळापूर तालुक्यात टाइम-लॅप्सचा विषय निघाला की आमच्या डोळ्यांसमोर आधी पऱ्हाटीच येते. जूनच्या पावसावर लावलेली सरकी, मग पाती, बोंडं आणि दिवाळीच्या सुमारास पांढरं झालेलं शेत. पाच महिन्यांचं हे दृश्य अर्ध्या मिनिटात दाखवायचं, तर लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती ठेवायचं आणि फोकस कुठे धरायचा?

हा प्रश्न दादासाहेब फाळके यांच्यासमोर १९१२ मध्येच उभा होता. लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली. ‘अंकुराची वाढ’ हाच तो लघुपट. विचार करा, विसाव्या दिवशी लेन्सला धक्का लागला असता तर? फिल्म धुतल्याशिवाय चूक कळणार नाही. आणि कळली तरी रोप काही मागे जाणार नाही. त्यात थोड्याच काळापूर्वी त्यांची दृष्टी काही दिवस गेली होती. प्रयोग साधला, भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आता छिद्राकडे वळू. १८५८ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉटरहाउस यांनी वेगवेगळ्या आकाराची भोकं असलेल्या पट्ट्या लेन्समध्ये सरकवण्याची पद्धत सुचवली. पुढे हाताने फिरवायचं कडं आलं. दोन्हींत एक गुण समान: एकदा लावलं की छिद्र हलत नाही. आजची स्वयंचलित लेन्स मात्र एरवी उघडी राहते आणि प्रत्येक फोटोला नव्याने मिटते. दरवेळी केसभर फरक पडतो. एका फोटोत तो दिसत नाही. पण शेकडो फोटो सलग चालवले की उजेड लुकलुकतो. म्हणून आम्ही अशा कामाला कड्याची जुनी लेन्सच पसंत करतो.

छिद्र किती? लहान केलं की खोलवर स्पष्टता मिळते, हे खरं. पण एफ/१६ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनाने चित्र मऊ पडतं, आणि काळ्या मातीची धूळ सेन्सरवर बसली असेल तर तिचे डाग उठून दिसतात. एफ/८ पुरतं. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्सचा फोकस साधारण २.४ मीटरवर धरला, तर १.२ मीटरवरच्या बोंडापासून क्षितिजापर्यंत सगळं समाधानकारक स्पष्ट येतं. थेट अनंतावर धरला, तर जवळची पऱ्हाटी धूसर होते. मग ऑटोफोकस बंद करायचा आणि कड्यावर चिकटपट्टी लावायची.

शंभराहून अधिक वर्षांत यंत्र बदललं, पण पीक अजूनही एकदाच वाढतं. चुकलेली फ्रेम पुन्हा घ्यायची तर पुढच्या जूनची वाट पाहावी लागते. तेव्हा पहिल्या दिवशी तासभर जास्त द्या. आता प्रश्न घेऊ.