देवासहून इंदूर, मार्गे १९२७

सकाळी आठ वाजता तुम्ही देवासच्या बसस्थानकावर उभे आहात. पोह्यांवर शेव भुरभुरून झाली आहे, हातावर जिलबीचा चिकटपणा आहे. डोक्यावर माताजीची टेकडी: वर तुळजाभवानी आणि चामुंडा, इथल्या लोकांच्या मोठी माता आणि छोटी माता. कंडक्टर 'इंदौर, इंदौर' ओरडतो आणि तुम्हाला खिडकीची जागा मिळते. अंतर पस्तीसेक किलोमीटर. तासाभराचा रस्ता, पण आज मधले थांबे जरा लांबलांबचे आहेत.

बस हलते, डांबर संपतं, धूळ सुरू होते. सन १९२१, ऑगस्ट. एकाच गावात दोन राज्यं आहेत, पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांच्या वाड्यात गोकुळाष्टमी चालू आहे. टाळमृदंग, गुलाल, लोणी, रात्रभर नामगजर. गर्दीत धोतर सांभाळत एक गोरा साहेब उभा आहे. हा ई. एम. फॉर्स्टर, महाराजांचा खाजगी सचिव. या उत्सवाबद्दल तो विलायतेला पत्रं लिहिणार आहे आणि त्यांत गोंगाटाबद्दल, देव्हाऱ्याच्या भडक सजावटीबद्दल मनसोक्त कुरकुर करणार आहे. त्याच पत्रांत महाराजांच्या भक्तीपुढे तो नमलेलाही दिसेल. पुढे १९५३ मध्ये ती पुस्तकात छापली जातील. परधर्मातला माणूस आपल्या देवाच्या उत्सवावर हसतो आणि त्याच उत्सवात हात जोडून उभा राहतो, हे एकाच वेळी घडू शकतं. तुम्ही ते पाहिलंत, एवढं पुरे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९५-अ अजून जन्मायचं आहे.

बस पुन्हा धावते, पण पाटी आता लाहोरची आहे. सन १९२४. महाशय राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची टवाळी करणारं 'रंगीला रसूल' छापलं आहे. खटला चालतो, शिक्षा होते, अपील होतं. मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. न्यायमूर्ती दलीपसिंग स्वतः ख्रिस्ती. ते म्हणतात, पुस्तक हीन आहे, पण कलम १५३-अ दोन समाजांत वैर पेटवण्याबद्दल आहे, दिवंगत धर्मसंस्थापकाच्या निंदेबद्दल नाही. राजपाल सुटतात. बाहेर मुसलमान जमाव खवळतो. त्या जमावाचं दुःख खोटं नाही, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

मग सिमला, सप्टेंबर १९२७. देवदारांखालून मध्यवर्ती कायदेमंडळात शिरा. सरकारने नवीन कलमाचा, २९५-अ चा, मसुदा आणला आहे. मसुदा तपासणाऱ्या समितीत बॅरिस्टर जिना आहेत. प्रामाणिकपणे इतिहास शोधणाऱ्याला, धर्माची खरी चिकित्सा करणाऱ्याला या कलमाची झळ लागता कामा नये, असा त्यांचा आग्रह. पुढे ज्यांच्या नावाने पाकिस्तान उभं राहिलं, त्यांचंच हे बोलणं. समितीच्या हातून कलमात जे शब्द पक्के होतात, ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा: 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशाने'. भावना दुखावल्या एवढ्याने गुन्हा होत नाही. दुखावण्याचं मनात धरून, वाईट बुद्धीने केलं असेल, तरच. सगळा कायदा या चिठ्ठीवर उभा आहे.

(कायदा झाला म्हणून राजपाल वाचले नाहीत. एप्रिल १९२९ मध्ये त्यांच्याच दुकानात इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्यांना भोसकलं. इल्मुद्दीनला फाशी झाली. अपिलात त्याची बाजू मांडायला जिनाच उभे होते.)

लाहोर पुढे पाकिस्तानात गेलं, कलमही तिकडे गेलं. झिया उल हक यांच्या काळात त्याला शेपट्या फुटल्या. १९८६ च्या २९५-क मध्ये पैगंबरांच्या अवमानाला देहदंड आला आणि त्या कलमात तुमच्या चिठ्ठीवरचे शब्द नाहीत. पंजाबात शेतात मजुरी करणाऱ्या ख्रिस्ती आसिया बीबीला २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. मधली वर्षं तुरुंगात गेली. हा थांबा आपल्या मार्गावर नाही, पण खिडकीतून दिसतो. आपल्याकडे असं नाही, असं म्हणत पुढे बघायची घाई करू नका.

क्षिप्रेचा पूल ओलांडला की इंदूरची हवा लागते. सन पुन्हा १९२७ च. सिमल्यात कलम तयार होत असताना इथे होळकरांच्या राजधानीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांची चित्रशाळा सुरू होते आहे. काही वर्षांनी एक सडपातळ, दाढी फुटू लागलेला मुलगा तिथे शिकायला येईल. मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, घर सुलेमानी बोहरा, म्हणजे अल्पसंख्यांतही अल्पसंख्य. वडील गिरणीत नोकरीला. आई तो तान्हा असतानाच गेली, तिचं एकही चित्र घरात नाही. म्हणून पुढे त्याच्या कितीतरी बायकांना चेहराच नसेल, नऊवारीचा काष्टा मात्र अचूक असेल. याच इंदुरात तो रामलीला बघतो. पुढे राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून हैदराबादला बद्रीविशाल पित्तींकडे राहून तो रामायणाची चित्रं काढेल आणि ती बैलगाडीतून खेड्यांत जातील. त्याच्या पाठीशी जरा रेंगाळा. कोळशाची कांडी कागदावर कशी न थांबता जाते ते बघा. पुढच्या थांब्यावर याच हाताच्या उद्देशाबद्दल लोक बोलणार आहेत.

भोपाळ, १९९६. 'विचार मीमांसा' नावाच्या हिंदी मासिकात लेख येतो आणि सोबत हुसेन यांनी सत्तरच्या दशकात काढलेलं सरस्वतीचं रेखाटन. वीसएक वर्षं ते चित्र कुणाला दुखलं नव्हतं. आता एकदम दुखतं. मुंबईत सांस्कृतिक कार्यमंत्री प्रमोद नवलकर, तेच ते 'भटक्या' नावाने लिहिणारे, तो लेख पोलीस आयुक्तांकडे धाडतात आणि ऑक्टोबरमध्ये १५३-अ, २९५-अ खाली गुन्हा दाखल होतो. मुंबईच्या गल्लीबोळांवर मायेने लिहिणाऱ्या माणसाने हे करावं, याचं मला अजून नवल वाटतं. अहमदाबादेत हुसेन-दोशी गुफेत शिरून चित्रं जाळली जातात.

ते रेखाटन माझ्या आजीला दाखवलं असतं, तर तिला वाईट वाटलं असतं. यात शंका नाही. तिने तोंड फिरवलं असतं, देवापुढे दिवा लावला असता आणि मला रागावून सांगितलं असतं की असलं काही घरात आणू नकोस. पोलीस ठाण्याचा रस्ता तिला ठाऊक नव्हता. दुखावणं आणि दुखावल्याची फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला बहुधा वर्तमानपत्रातला मथळा हवा असतो.

२००६. भूकंपग्रस्तांसाठीच्या लिलावाच्या जाहिरातीत हुसेन यांचं एक चित्र येतं. त्यांनी त्याला नावही दिलेलं नव्हतं, 'भारतमाता' हे नाव दुसऱ्यांनी चिकटवलं. गावोगाव फिर्यादी. समन्सच्या कागदांवरचे शिक्के वाचा: राजकोट, भोपाळ, इंदूर, पंढरपूर. जिथे जन्मला ते गाव, जिथे चित्र काढायला शिकला ते गाव. नव्वदीतला माणूस कुठल्या न्यायालयात पहिल्यांदा हजर होणार? खटले दिल्लीला आणले जातात. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय किशन कौल ते रद्द करतात आणि म्हणतात की या वयात चित्रकाराची जागा त्याच्या घरी, त्याच्या कॅनव्हासपुढे आहे. त्याआधी २००४ मध्येही जुने आरोप याच न्यायालयात टिकले नव्हते. दोन्ही वेळा न्यायालय हुसेन यांच्या बाजूने उभं राहिलं. हुसेन मात्र परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले आणि इंग्लंडच्याच मातीत पुरले गेले. पंढरपूरहून निघालेली वारी अशी उलट्या दिशेने संपली.

देवास नाका आला. विजयनगर. उतरा, रिक्षा करा, छप्पन दुकान म्हणा. तारीख १ जानेवारी २०२१.

संध्याकाळ, कॅफेत खुर्च्या भरलेल्या, लोक तिकीट काढून हसायला आले आहेत. मुनव्वर फारुकी नावाचा मुंबईहून आलेला तरुण मंचावर येतो. त्याचा कार्यक्रम रंगण्याआधीच काहीजण मंचावर चढतात, त्यांत त्या वेळच्या आमदारांचे चिरंजीव आहेत. त्यांचा राग जुन्या व्हिडिओंवर आहे. फारुकी त्यांच्याशी शांतपणे बोलतो. थोड्या वेळाने खुर्च्या रिकाम्या होतात आणि तो तुकोगंज ठाण्यात पोचतो. २९५-अ लागतं. आयोजकांपैकी काहीजण आत. पीथमपूरचा, म्हणजे धार जिल्ह्यातला, एक हिंदू विनोदकारही आत. दुसऱ्या दिवशी एका मित्रालाही अटक. त्या संध्याकाळी फारुकीने देवदेवतांची चेष्टा केल्याचा व्हिडिओ आपल्याकडे नाही, असं पोलीसच पत्रकारांना सांगतात.

आता खिशातली चिठ्ठी काढा. न केलेल्या विनोदामागचा दुष्ट उद्देश कसा मोजायचा? मोजावा लागतच नाही. कलम दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. उद्देशाचा प्रश्न खटल्यात येतो आणि खटला वर्षांनी. त्याआधी येते ती कोठडी. कनिष्ठ न्यायालय जामीन नाकारतं, सत्र न्यायालय नाकारतं. उच्च न्यायालयात पोलिसांची केस डायरी आलेली नसते, तारीख पुढे जाते आणि २८ जानेवारीला इंदूर खंडपीठही नकार देतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेशकुमार खटल्यात सांगून ठेवलं आहे. २९५-अ ची कमाल शिक्षा तीन वर्षं. ५ फेब्रुवारीला न्यायमूर्ती नरिमन आणि गवई यांच्यापुढे प्रकरण येतं आणि काही मिनिटांत अंतरिम जामीन मिळतो: आरोप मोघम आहेत, अटकेची रीत पाळलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या नंबराने आहे. चिठ्ठीवरचे शब्द तिथेही आहेत, जागच्या जागी.

तुम्ही मात्र अजून ६ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंदूरच्या मध्यवर्ती तुरुंगाबाहेर उभे आहात. माळव्याची थंडी, कॅमेरेवाले चहा शोधताहेत. जामीन कालच झाला आहे, पण प्रयागराजच्या एका वॉरंटाच्या कागदावरून तुरुंग अडून बसला आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला दार उघडतं, तो बाहेर येतो, फार काही बोलत नाही, गाडीत बसतो. गर्दी पांगते. पीथमपूरचा पोरगा आणि तो मित्र अजून आतच आहेत. त्यांचा जामीन व्हायला महिनाअखेर उजाडणार आहे, आणि देवासची पहिली बस सुटायलाही अजून अवकाश आहे.