वळविलेली गाडी

पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला नसता, तर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुराने चिपळुणात कोकण रेल्वे रोखल्यावर तिच्या गाड्या सातारा-सांगलीवरून वळविणे अशक्यच होते. अशा प्रसंगी ज्याची खरी कसोटी लागते, तो सेक्शन कंट्रोलर प्रवाशांना कधी दिसत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. संगणकापूर्वीच्या काळी, आडवी वेळ व उभी स्थानके मांडलेल्या तक्त्यावर पेन्सिलीने प्रत्येक गाडीची रेघ ओढणारा हा अंमलदार, वेळापत्रकात नोंदच नसलेल्या गाडीसाठी एकेरी मार्गावरील समोरासमोरच्या गाड्यांची क्रॉसिंगे नव्याने ठरवी, कोरेगाव, कराड, किर्लोस्करवाडीच्या स्टेशनमास्तरांना टेलिफोनवरून हुकूम देई, आणि या मार्गाचे चढउतार व सिग्नल ठाऊक असलेलाच चालक इंजिनावर चढेल, याची तजवीज करी. चिपळूणच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जुलैला, या मार्गाकडे वळविलेली मंगळुरू-मुंबई गाडी वाटेत दूधसागरापाशी दरड कोसळून घसरली. प्रवासी सुखरूप राहिले, पण मार्गाचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागला.