कानाची जागा डोळ्याने घेतली तेव्हा

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये ‘प्रियस’ ही हायब्रिड मोटार विक्रीस आणली. गाडी थांबली की तिचे इंजिन बहुधा बंद होई. त्यामुळे ती चालू आहे की नाही, हे आवाजावरून कळेना. ते सांगण्याचे काम डॅशबोर्डच्या मध्यभागी बसवलेल्या पडद्याकडे आले. इंजिन, बॅटरी व चाके यांच्यातील ऊर्जेचा प्रवाह त्यावर बाणांनी दिसे. काहींना हा पडदा लक्ष विचलित करणारा वाटला. काही मात्र इंधनाचा आकडा पाहून पाय आवरू लागले. २००९ च्या होंडा इनसाइटमध्ये तर काटकसरीने चालवल्यास वेगाच्या आकड्यामागील निळा रंग हिरवा होई. माहिती देणारे उपकरण आता चालकाला वळण लावू लागले होते. मतभेदाचे मूळ तिथेच होते.