विल्यम्सबर्ग : एका गावाचा जीर्णोद्धार

इतिहास लिहिणारा आणि इतिहास दाखविणारा हे दोघे एकाच कुळातले खरे, पण त्यांचा संसार वेगळा. लिहिणाऱ्याचा वाचक घरी बसलेला असतो. पुस्तक पटले नाही तर तो ते मिटून ठेवतो आणि लेखकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दाखविणाऱ्याच्या पुढे मात्र सुटीत मुलाबाळांसह सहलीला निघालेली माणसे उभी असतात. ती अभ्यासाला आलेली नसतात. आवडती गोष्ट पुन्हा एकवार ऐकायला आलेली असतात. ती गोष्ट अपुरी आहे असे जुन्या कागदांवरून ठरले, तर ते त्यांना त्यांच्या तोंडावर, आणि तेही ती उठून जाणार नाहीत अशा रीतीने सांगणे, हे या माणसाचे काम. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात या व्यवसायाला ‘सार्वजनिक इतिहास’ असे नाव पडले. काम त्याहून पुष्कळ जुने आहे. ते कसे चालते हे पाहण्यासाठी आम्ही श्रोत्यांना व्हर्जिनियातल्या एकाच गावी नेणार आहोत.

विल्यम्सबर्ग हे ते गाव. १६९९ पासून १७८० पर्यंत ही व्हर्जिनियाची राजधानी होती; आधी इंग्रजांच्या वसाहतीची आणि अखेरची चार वर्षे स्वतंत्र झालेल्या राज्याची. वॉशिंग्टन, जेफरसन, पॅट्रिक हेन्री हे सारे येथल्या विधिमंडळात बसले, येथल्या खानावळीत जेवले. पुढे राजधानी रिचमंडला गेली आणि गावाला उतरती कळा लागली. गव्हर्नरचा प्रासाद १७८१ सालीच जळाला होता; विधिमंडळाच्या वास्तूचा उरलासुरला भाग १८३२ च्या आगीत गेला. विसाव्या शतकात तेथे गेलेल्याला जुन्या घरांच्या मधूनमधून दुकाने आणि पेट्रोलचे पंप दिसत.

१९२६ साली गावातल्या ब्रुटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक गुडविन यांनी धाकट्या जॉन रॉकफेलर यांना या गावाच्या जीर्णोद्धारासाठी राजी केले. पैसा कोणाचा हे गुप्त ठेवून गुडविन एकामागून एक घर खरेदी करीत सुटले. हा पाद्री एवढा पैसा आणतो कोठून, अशी कुजबुज गावात दोन वर्षे चालली. १९२८ साली दात्याचे नाव उघड झाले. पुढे जे काम झाले त्याला तोड नाही. १७९० नंतरच्या सातशेहून अधिक इमारती पाडल्या किंवा हलविल्या, अठराव्या शतकातल्या अठ्ठ्याऐंशी सांभाळल्या, आणि नाहीशा झालेल्या कित्येक मूळ पायांवर पुन्हा उभ्या केल्या. प्रासाद कसा दिसत होता? जेफरसनने स्वहस्ते काढलेला आराखडा मिळाला, खोदकामात पाया मिळाला, पण दर्शनी बाजू मिळेना. अखेर १९२९ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक जुना तांब्याचा ठसा सापडला. त्यावर प्रासाद, विधिमंडळ आणि कॉलेज कोरलेले होते. खिडक्या किती, धुरांडी कोठे, सारे त्यावरून ठरले. अस्सल कागदाशिवाय वीट रचायची नाही अशी ही शिस्त होती, आणि तिच्याबद्दल आम्हांस आदरच वाटतो.

पण या गावातून एक गोष्ट गळाली होती. क्रांतीच्या उंबरठ्यावर विल्यम्सबर्गची वस्ती सुमारे अठराशे होती आणि तीतले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णी होते. त्यांतले बहुतेक सर्व गुलाम. जीर्णोद्धारात घरे आली, बागा आल्या, विगा आणि चांदीची भांडी आली. ज्यांनी ती भांडी घासली ते आले नाहीत, किंवा आलेच तर ‘नोकर’ या सौम्य नावाने आले. प्रत्येक वीट खरी आणि एकंदर चित्र खोटे असे होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

यावर पुष्कळ दिवस जे उत्तर दिले जाई ते श्रोत्यांच्या परिचयाचे आहे : कागद नाहीत. म्हणून आपण कागदच पाहू.

व्हर्जिनियात सधन माणूस वारला की त्याच्या जिंदगीची फर्द होत असे. गव्हर्नर लॉर्ड बोटेटोर्ट १७७० साली प्रासादातच वारला, तेव्हा खोलीखोलीतून फिरून सोळा हजारांहून अधिक जिनसांची यादी करण्यात आली. १९३० नंतर प्रासाद सजविणाऱ्यांनी आपल्या काळच्या अभिरुचीने तो नाजूक आणि शोभिवंत केला होता. ही यादी पुढे बारकाईने वाचल्यावर सजावट बदलावी लागली आणि १९८१ साली प्रासाद नव्या रूपाने खुला झाला. कोणत्या खोलीत कोणती खुर्ची, किती बंदुका, हे यादीवरून ठरले. एका यादीसाठी पन्नास वर्षांची रूढ सजावट मोडली, हे योग्यच झाले.

आता दुसरी यादी. पेटन रँडॉल्फ हा पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचा अध्यक्ष. त्याचे घर विल्यम्सबर्गला आजही उभे आहे. १७७५ च्या ऑक्टोबरात तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्याही जिंदगीची फर्द झाली. तीत खुर्च्या आहेत, पुस्तके आहेत, आणि सत्तावीस माणसे आहेत. नावे, आणि नावांपुढे पौंडांत किंमत. खुर्चीची नोंद ज्या शाईने, माणसाचीही त्याच शाईने. बोटेटोर्टच्या यादीवरून खुर्ची कोठे ठेवावी हे कळत असेल, तर रँडॉल्फच्या यादीवरून त्या घरात कोण राहत होते हे का कळू नये? कागद होते. ते कशासाठी वाचायचे हेच ठरलेले नव्हते.

त्या घरातल्या एका बाईचे नाव ईव्ह. १७७५ च्या नोव्हेंबरात इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला की, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते स्वतंत्र होतील. मालक फिलाडेल्फियास स्वातंत्र्याची चर्चा करता करता वारला, आणि इकडे त्याच्या घरातले आठजण स्वातंत्र्य शोधण्यास डनमोरकडे निघून गेले. त्यांत ईव्ह होती. पुढे ती पुन्हा रँडॉल्फच्या विधवेच्या ताब्यात आलेली दिसते, कारण विधवेने मृत्युपत्रात तिला आपल्या भाचीच्या नावे केले आहे. मग १७८२ साली त्या मृत्युपत्राला पुरवणी जोडली गेली : ईव्हच्या वाईट वर्तनामुळे तिला विकणे भाग पडले. वर्तन कोणते ते लिहिलेले नाही. ज्या वर्षी अमेरिकेचे स्वातंत्र्य जवळजवळ पदरात पडले होते त्या वर्षीचा हा कागद आहे. ईव्हची स्वतःच्या हातची एक ओळही नाही. तिची माहिती मिळते ती तिच्या मालकिणीच्या तक्रारीतून. अशी तक्रार उलटी वाचावी लागते, आणि कागद उलटा वाचता येणे ही या धंद्यातली पहिली विद्या आहे.

१९७९ पासून विल्यम्सबर्गच्या संस्थेने कृष्णवर्णी नटांकरवी गुलामांचे आयुष्य दाखविण्यास आरंभ केला. हे काम कसले आहे याची कल्पना करावी. सुशिक्षित माणसाने रोज सकाळी स्वतःच्या पूर्वजांचे फाटके कपडे चढवायचे आणि परक्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. मालक दयाळू होते ना, हा प्रश्न ठरलेला. तो बहुधा दुष्टाव्याने विचारलेला नसतो. विचारणाऱ्याला दिलासा हवा असतो. तो न देता त्याला यादीपर्यंत नेणे हीच खरी कसोटी.

१० ऑक्टोबर १९९४ रोजी संस्थेने गुलामांच्या लिलावाचा देखावा केला. एका जुन्या खानावळीच्या पायऱ्यांवर चार माणसे विकली गेली. त्या विभागाच्या प्रमुख ख्रिस्टी कोलमन यांनी गर्भवती गुलाम स्त्रीची भूमिका स्वतः केली. नागरिक हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी आधीच विरोध पुकारला होता. आमच्या आजीच्या यातनांचा तुम्ही तमाशा मांडता काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. निदर्शक जमले, गर्दी मोठी झाली, आणि देखावा झाला. विरोधास आलेल्या एका पुढाऱ्याने तो पाहिल्यावर आपले मत बदलल्याचे उघड सांगितले. सर्वांनी बदलले नाही. आम्हांस विरोधकांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे वाटत नाही. दुःख पुन्हापुन्हा दाखविले की त्याचा खेळ होतो, आणि तिकीट काढून पाहिलेले दुःख पचायला सोपे जाते. पण त्या पायऱ्या शोभेसाठी धुऊनपुसून ठेवायच्या आणि तेथे काय विकले गेले ते सांगायचे नाही, हा दुसरा मार्ग साठ वर्षे चोखाळून झाला होता.

१९९९ मध्ये गुलामगिरीवर मोठा कार्यक्रम योजला गेला, तेव्हा उलटा अनुभव आला. गस्तवाल्यांचे सोंग घेतलेल्या गोऱ्या नटांवर काही प्रेक्षक धावून गेले. कोणी त्यांची बंदूक हिसकावू लागला. ज्या गावात पूर्वी डोळे पाणावत नव्हते तेथे आता नटाला नट असल्याचे सांगून स्वतःला वाचवावे लागे.

रिचर्ड हँडलर आणि एरिक गेबल या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी १९९७ साली या संस्थेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातला आक्षेप आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. मालक आणि गुलाम स्त्री यांच्या संबंधांसारखा विषय निघाला की वाटाडे पुराव्याची कडक अट घालीत. गोऱ्यांच्या कथांना तेवढी अट नसे. पुराव्याची दोन मापे ठेवली की तिसऱ्या खोटेपणाची गरजच उरत नाही.

आणि कित्येकदा पुरावा पायाखालीच असतो. गावातल्या कृष्णवर्णी लोकांनी, गुलामांनी आणि स्वतंत्रांनी मिळून, १७७६ च्या सुमारास आपली बाप्टिस्ट मंडळी स्थापन केली होती. नॅसो रस्त्यावरचे त्यांचे १८५६ सालचे चर्च १९५० नंतरच्या दशकात याच संस्थेने विकत घेतले. अठराव्या शतकाच्या देखाव्यात ते बसत नव्हते, म्हणून ते पाडले गेले. पुढे तेथे फरसबंदी करून मोटारी उभ्या राहू लागल्या. त्या मंडळीचे वंशज गावातच होते. त्यांच्या आग्रहाने २०२० साली तेथे खोदकाम सुरू झाले. पुढच्या वर्षी सोळा फूट बाय वीस फुटांचा, पहिल्या प्रार्थनागृहाचा पाया लागला. जवळच्या विटांच्या फरसबंदीखाली १८१७ सालचे एक नाणे निघाले. भोवती साठाहून अधिक कबरी होत्या.

कबरी उघडाव्यात की नाही हे ठरविण्याचे काम पुरातत्त्वज्ञांनी आपल्याकडे ठेवले नाही. ते वंशजांवर सोपविले. त्यांच्या संमतीने २०२२ साली तीन उघडल्या, आणि २०२३ मध्ये तपासणीअंती ती माणसे आफ्रिकी वंशाची असल्याचे जाहीर झाले. त्यांची नावे कोणत्याही यादीशी अजून जोडता आलेली नाहीत.