गळ्याच्या नळीतला कफ काढायला कॅथेटर कुठल्या नंबरचं? मेडिकलमध्ये जाण्याआधी हे वाचा

अक्कलकोट : डोक्याला जबर मार, पक्षाघात किंवा घशाचा कॅन्सर अशा आजारात काही रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवतात. याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. सोलापूरच्या सिव्हिलमधून असा रुग्ण गावी आला की नळीतला कफ काढायचं काम घरच्यांवर येतं. त्यासाठीचा बारीक पाइप म्हणजे सक्शन कॅथेटर.

जाड पाइपनं कफ लवकर निघेल असं वाटतं, पण तिथंच धोका आहे. पाइप नळीत गच्च बसला तर बाजूनं हवा आत जात नाही. मशीन फुफ्फुसातली हवाच ओढतं आणि रुग्णाचा ऑक्सिजन झपाट्यानं खाली येतो. फार बारीक पाइपनं घट्ट कफ निघत नाही.

माप कसं काढायचं?

मोठ्या माणसासाठी कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. हा व्यास नळीच्या गळ्यालगतच्या पट्टीवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. कॅथेटरचा नंबर फ्रेंच मापात असतो. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. सोपा हिशोब असा : व्यासातून २ वजा करा, उरेल त्याची दुप्पट करा.

- ६ मिमी नळी : ८ नंबर (निळा)
- ७ मिमी नळी : १० नंबर (काळा)
- ८ मिमी नळी : १२ नंबर (पांढरा)

रंग कॅथेटरच्या मागच्या टोकाला असतो. १४ नंबर (हिरवा) या तिन्ही नळ्यांना जाड पडतो. लहान मुलांसाठी हा हिशोब लावू नये, डॉक्टरांनी लिहून दिलेलाच नंबर घ्यावा.

वापरताना

अंगठ्यानं दाबायचं छिद्र असलेलं कॅथेटर घ्यावं. आत घालताना छिद्र उघडं ठेवायचं, बाहेर काढतानाच दाबायचं. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये. किती आत घालायचं आणि मशीनचा दाब किती ठेवायचा, हे डिस्चार्जच्या आधीच नर्सकडून समजून घ्यावं. घड्याळ लावून नव्हे, तर घरघर ऐकू आली किंवा कफ दिसला की सक्शन करावं.

गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅटरीवर किंवा पायानं चालणारं सक्शन मशीन जवळ असावं. ओठ निळे पडले, रक्त आलं किंवा कॅथेटर आतच जाईना, तर जोर न लावता लगेच १०८ ला फोन करावा.