सँडिंग बेल्टची कुळकथा : पान, कुरुंद आणि सांधा

सँडिंग बेल्टचं घराणं काचपेपरपासून सुरू होतं, असं सगळीकडे सांगतात. तेराव्या शतकात चिनी कारागिरांनी शिंपल्यांचा चुरा डिंकाने चर्मपत्रावर चिकटवला, 1833 मध्ये लंडनच्या जॉन ओकी यांनी काचपेपरचा धंदा उभारला, आणि याच कागदाच्या कापडी भावंडाची टोकं जोडून यंत्रावरचा पट्टा झाला. क्रम खरा आहे, पण अपुरा आहे. बेल्टमध्ये तीन गोष्टी असतात : लवणारी पाठ, कापणारा कण आणि दोन टोकांचा सांधा. त्यांतल्या पहिल्या दोन आपल्याकडे फार आधी ओळखल्या गेल्या होत्या, आणि त्यांची ठळक नोंद सुतारकामाच्या नव्हे, शल्यचिकित्सेच्या ग्रंथात आहे.

सुश्रुतसंहितेत अनुशस्त्रांची, म्हणजे धातूच्या शस्त्राऐवजी वापरायच्या साधनांची, यादी येते. बांबूची साल, स्फटिक, काच आणि कुरुविंद हा तिच्यातला एक गट. लहान मुलं आणि शस्त्राला घाबरणारे रोगी यांच्यासाठी तो छेदनभेदनाला सांगितला आहे. त्याच यादीत गोजी, शेफालिका आणि शाक यांची पानं आहेत. ती तोंडाच्या आणि पापण्यांच्या विकारांत स्राव काढण्यासाठी. शेफालिका कोणती, यावर वाद आहे. निघंटूंत हे नाव निर्गुंडीलाही मिळतं. पण निर्गुंडीचं पान मऊ असतं. पारिजातकाचं मात्र हाताला चांगलं खरखरीत लागतं. शाक म्हणजे साग, त्याचंही तसंच. ही पानं एकाच कामाला का नेमली, याचं उत्तर खरखरीतपणा धरला तरच मिळतं. म्हणून माझं मत पारिजातकाला. कुरुविंद हे नाव मोथ्यालाही आहे, पण स्फटिक आणि काचेच्या पंगतीत मोथा बसत नाही. तो कुरुंदाचा दगडच. पापणीसारख्या गोलसर, नाजूक जागी कठीण धार चालत नाही, तिथे वळणाबरोबर वळणारा खरखरीत पृष्ठभाग लागतो, हे त्या वैद्यांना कळलं होतं. बेल्टचं मूळ तत्त्व हेच आहे.

हे तत्त्व बेंगळुरूपासून सुमारे 60 किलोमीटरवरच्या चन्नपट्टणात आजही कामाला लागलेलं दिसतं. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी धरून तिला झळाळी देतात. लाकूड फिरतं, पट्टी थांबते. बेल्ट सँडरवर पट्टी फिरते, लाकूड थांबतं. इथे आक्षेप येईल की हे पान लाख सारखी करतं, लाकूड कापत नाही. आक्षेप रास्त आहे. पानाकडून बेल्टची पाठ कळते, कण नाही. कण साणेचा. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून आपल्याकडे साणेची चाकं घडवत. हा कुरुंद चार्ल्स ग्रेव्हिल यांनी 1798 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. दगड आणि नाव, दोन्ही दक्षिण भारतातून युरोपच्या खनिजशास्त्रात गेले. आजच्या तपकिरी बेल्टवर तेच द्रव्य असतं, फक्त बॉक्साइटपासून भट्टीत केलेलं. साम्य म्हणजे वंश नव्हे, हा दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. कणाच्या बाबतीत देवाणघेवाण लेखी आहे. पानाच्या बाबतीत माझा दावा वंशाचा नाही, गरजेचा आहे : गोल वस्तू घासायची तर घासणारी वस्तू लवली पाहिजे.

उरतो सांधा, आणि घरच्या वर्कशॉपमध्ये खरा प्रश्न त्याचाच. हातात धरायच्या सँडरचा 533 मिलिमीटरचा बेल्ट मिनिटाला 300 मीटर वेगाने पळाला, तर सांधा सेकंदाला नऊ वेळा फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत दोन रुळांवर वाकतो. त्यामुळे कण शाबूत असतानाच गोंद थकतो. पावसाळी दमटपणात कापडाने ओलावा धरला की तो आणखी लवकर सुटतो. अशा वेळी बेल्ट फेकून देणं मला चुकीचं वाटतं. कापडी रोलमधून नवा करा किंवा जुना जोडा, रीत एकच. दोन्ही टोकं सारख्याच तिरक्या रेषेत कापायची, म्हणजे सांधा रुळावर एकदम आदळत नाही, हळूहळू चढतो. टोकावर टोक चढवायचं असेल तर खालच्या टोकाचे कण सुमारे एक सेंटिमीटर खरवडायचे, नाहीतर उंचवटा लाकडावर ठोके देतो. शिवाय वरची कड कामात अडकू नये म्हणून पट्टा एकाच दिशेने चालवायचा. टोकं भिडवून मागून पातळ, चिवट पट्टी लावली तर दिशेचं बंधन राहत नाही. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो. इथे वाकणारा गोंदच हवा. घरचा सांधा धोक्याचा, असं म्हणणाऱ्यांचं भय मी खोटं मानत नाही. म्हणूनच आधी हाताने फिरवून पाहावं, मग सर्वांत कमी वेगावर, पट्ट्याच्या रेषेबाहेर उभं राहून चालवावं. कापडच विरलं असेल तर मोह सोडावा. पण स्वस्तात नवा मिळतो, हे कारण मला पटत नाही. लाख तापवली की मऊ होते, म्हणून झिजलेली साण पुन्हा भरता येत असे. दुरुस्ती तिच्या घडणीतच होती. बेल्टने त्या घराण्याकडून कण घेतला असेल, तर कण बोटाला बोचतो आहे तोवर त्याला जोडून वापरणं हीच त्या कुळाची रीत आहे.